मोरीतल्या मुंग्या

भावाच्या घरी मोरीत मुंग्या लागल्या त्या सगळ्यांत आधी आईला दिसल्या. २०१६ चा पावसाळा. आमच्या माण तालुक्यात पावसाळा बहुतेक करून कॅलेंडरातच येतो, त्यामुळे मुंग्यांना दुसरीकडे ओल नसेल म्हणून इकडे आल्या, असं सगळ्यांनी ठरवलं. आईने हळद टाकली, मग खडूची रेघ ओढली. मुंग्या दोन दिवस हटायच्या आणि परत त्याच कोपऱ्यात रांग लावायच्या.

भावाची पोरगी तेव्हा नऊ वर्षांची. तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायची, रात्रीतून चारदा उठायची, आणि एवढी मोठी झाल्यावर अंथरूण ओलं करायला लागली म्हणून वहिनीचे धपाटे खायची. श्रावणात शिवलेला फ्रॉक गणपतीत ढगळ झाला. जंताचं औषध झालं. मग पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तिला एका दवाखान्यात नेलं. अशक्तपणा आहे म्हणून तिथे ग्लुकोजचं सलाईन लावलं. साखरेने बुडत असलेल्या पोरीला वरून आणखी साखर. रक्ताचा एक थेंब पट्टीवर घ्यायला मिनिटही लागत नाही, पण नऊ वर्षांच्या पोरीला शुगर असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळपर्यंत तिला धाप लागली आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास यायला लागला. साताऱ्याला पोचली तेव्हा साखर होती ५४०.

पोरगी वाचली. आता कॉलेजला आहे आणि मला इंग्रजीतून उलटं बोलते, म्हणजे उत्तम आहे.

ती दवाखान्यातून घरी यायच्या आत गावात निकाल लागून गेला होता. चॉकलेटं खाऊन खाऊन झालं. आईबापाने लाड केले. ते पुरेना म्हणून दुसरा निकालही लागला: आत्यावर गेली. ती आत्या म्हणजे मी. मला त्याआधी पाच वर्षं, अडतिसाव्या वर्षी शुगर निघाली होती. नाक आत्यावर, तिरसटपणा आत्यावर, आता शुगरही आत्यावर.

माझा आणि तिचा आजार एक नाही, हे पटवायला मला काही वर्षं लागली. अजून सगळ्यांना पटलंय असं म्हणवत नाही. एकच नाव, एकच मशीन, एकच ‘गोड बंद’. त्यामुळे कारणही एकच असणार, असं माणसाला वाटणारच.

गंमत म्हणजे हा फरक जुन्यांना दिसला होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या आजारांचे, दोन प्रकार सांगितलेत, सहज आणि अपथ्यनिमित्तज. पहिला जन्माबरोबर येणारा, त्याचा रोगी कृश आणि कोरडा पडलेला. दुसरा खाण्यावागण्यातून येणारा, त्याचा रोगी स्थूल आणि खादाड. गोड लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षणही आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलंय. आमच्या मोरीत मुंग्या त्याच कारणाने आल्या होत्या, आम्ही मात्र खडू ओढत बसलो. आधुनिक वैद्यकात हीच फोड नीट करून मांडायला १९३६ साल उजाडलं. हॅरोल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टराने दाखवून दिलं की काही रोग्यांचं शरीर इन्शुलिनला चटकन दाद देतं आणि काहींचं देत नाही. म्हणजे काहींकडे इन्शुलिनच नाही आणि काहींकडे ते असून ऐकलं जात नाही.

आईला मी हे पाटाच्या पाण्यावरून सांगितलं. पुस्तकांतून इन्शुलिनला किल्ली म्हणतात, पण आईच्या घराला आयुष्यभर कडीच होती. दारं धरणं तिला बरोबर कळतं. पाटाने पाणी आलं म्हणजे पीक भिजलं असं होत नाही. खोरं घेऊन उभं राहून या वाफ्याचं दारं फोडायचं, भरला की लिंपायचं, पुढच्याचं फोडायचं. ते करणारा माणूस नसेल तर पाट तुडुंब वाहतो आणि वाफे तसेच तडकतात. रक्तातली साखर म्हणजे पाटाचं पाणी. इन्शुलिन म्हणजे दारं धरणारा.

“मंग पोरीचा दारं धरणारा कुटं गेला?” आईने विचारलं.

मारला गेला. आणि मारणारे बाहेरचे नव्हते. शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून संपवणाऱ्या पेशी असतात, त्यांनीच एक दिवस स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना परकं ठरवलं. राखणदारानेच घरचा गडी मारला. हे बरेच महिने, कधी वर्षंही, गुपचूप चाललेलं असतं. बहुतेक पेशी संपल्या की मग मुंग्या दिसतात. काही जनुकं असली की ही चूक व्हायची शक्यता वाढते, पण सगळं जनुकांत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टाईप १, म्हणजे पोरीचा हा मधुमेह, झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, बरेचदा तो सुटतो. काही विषाणूंवर संशय आहे. फिनलंडसारख्या थंड देशात याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त, म्हणून तिथे फार अभ्यास झाले. पण अमुक एका गोष्टीने झाला, असं बोट ठेवता येत नाही. चॉकलेटवर तर नाहीच. टाईप १ झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाही टाईप १ नसतो. आत्यावर जाणारा आजार खरं तर माझ्या जातीचा, टाईप २. जुळ्यांमध्ये तोच जास्त बरोबरीने येतो. लोकांनी नेमकं उलटं धरलेलं.

त्या वासाचंही आईला सांगितलं. वाफे कोरडे पडले की शरीर घरातली चरबी जाळायला काढतं. त्या जळणातून निघालेली आम्लं रक्तात साठतात, श्वासाला तो वास त्याच जळणाचा. इन्शुलिन मिळालं नाही तर माणूस त्यातच जातो. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. ते इतकं अशुद्ध होतं की त्याला रिअॅक्शन आली. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने ते आणखी शुद्ध केलं आणि बारा दिवसांनी पुन्हा टोचलं, तेव्हा साखर उतरली. मुलगा आणखी तेरा वर्षं जगला. त्याच्याआधी अशा मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवत, चार दिवस जास्त मिळावेत म्हणून.

हे मला माहीत होतं, म्हणूनच एका पाहुण्याने “सुया बंद करा, एकवीस दिवस काढा द्या, मुळापासून जातं” म्हटल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा सोयऱ्यांसमोर आवाज चढवला. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड मीही घेतलीय, माझ्या शुगरने त्यांची दखल घेतली नाही, पण मी मेलेही नाही. माझ्या वाफ्यावर दारं धरणारा आहे. तिच्या वाफ्यावर कुणीच नाही. तिची सुई बंद करणं म्हणजे चार दिवसांत आयसीयू. पाहुणे रागावून गेले. जाताना वहिनीला सांगून गेले, मुलीची जात आहे, कुठे बोलू नका. शाळेत डबा खायच्या आधी पोरगी तीन वर्षं बाथरूममध्ये जाऊन सुई घेत होती.

आता माझं. मी लहानपणापासून काडी. “हिला वारा लागू देऊ नका, उडेल,” असं आमचे मास्तर म्हणायचे. शुगर निघाली तेव्हा लॅबमधल्या पोराने कागद दोनदा पाहिला, मग मला पाहिलं. उपाशीपोटी १८६. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, “तुला? एवढीशी तू!” त्या वाक्यात अन्याय झाल्याचा सूर होता, म्हणजे हा आजार जाड्या माणसांच्या हक्काचा असताना मी मध्येच घुसले. त्यांच्यापैकी दोघीतिघी वजनदार होत्या आणि त्यांची शुगर चोख होती.

मला छळायचा तो प्रश्न वेगळाच. रात्री आठला अर्धी भाकरी खाऊन झोपले, सकाळी १८६ आली कुठून? याचं उत्तर एका शांत, कमी बोलणाऱ्या डॉक्टरांनी दिलं. उपाशी असतानाही मेंदूला साखर लागते, म्हणून रात्रभर यकृत स्वतः साखर बनवून सोडत असतं. पुरे आता, असं त्याला सांगणंही इन्शुलिनचंच काम. माझं यकृत ते ऐकत नव्हतं. आईच्या भाषेत, दारं धरणाऱ्याने हाक मारली तरी विहिरीवरची मोटार कुणी बंद करत नव्हतं. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीच येते, त्यामुळे तिला हे फारच पटलं.

टाईप २ मध्ये आधी वाफ्यांची तोंडं गाळाने धरतात. स्नायूंत, यकृतात चरबी भरली की तिथल्या पेशी इन्शुलिनला दाद देईनात. मग दारं धरणारा दुप्पट राबतो, काही वर्षं कुणाला काही कळत नाही, आणि शेवटी तो दमतो. किती लवकर दमतो हे घराण्यावर आहे. किती गाळ येतो हे बरंचसं आपल्या खाण्यावर, बसण्यावर, झोपेवर. हे मला मान्य आहे. रोज आठ तास खुर्चीत आणि दीड तास बसमध्ये घालवून मी अगदी निर्दोष असल्याचा आव आणणार नाही. पण मग काडीच्या अंगात गाळ कुठून?

याचं उत्तर मिळालं ते मी राहते त्या पुण्यातच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. मी तो फोटो बराच वेळ पाहत बसले. स्वतःच्या आजाराचं कारण सांगायला स्वतःच्याच पोटाचं माप छापणारा डॉक्टर मला फार आवडला.

आणि हे पोट नुसतं मोठेपणी सुटलेलं नसतं, थोडंफार जन्मतानाच आणलेलं असतं. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला, गरोदर राहण्याच्या आधीपासून. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान असणार, असं वाटेल. तसं नव्हतं. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी राखलेली होती. हडकुळं आणि तरी चरबीवालं बाळ. अन्न तुटपुंजं असलं की गर्भ आधी मेंदू सांभाळतो, आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अशा बाळाला पुढे आयुष्यभर तेवढंच तुटपुंजं मिळत राहिलं तर निभतं. ते शहरात आलं, खुर्चीत बसलं, पोटभर जेवलं, की त्याच्या दारं धरणाऱ्यांचे हात कमी पडतात.

त्या गावांतून निघालेली आणखी एक गोष्ट मला कॅलरीच्या हिशेबापेक्षा महत्त्वाची वाटते. पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं जास्त भरलेली होती, आणि गरोदरपणात शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायकांची बाळं लहान. निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. बी१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची खूण दिसत होती. सहाव्या वर्षी! बालवाडीतून पहिलीत जाताना.

मी जानेवारी १९७३ ची.

ज्यांना बहात्तरचा दुष्काळ ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आई मला पोटात घेऊन खडी फोडत होती. सकाळी घरातून तीन मैल चालत जायचं, पाझर तलावाच्या कामावर दिवसभर हातोडा, संध्याकाळी परत. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना चिरायची, हे आई आजही रागाने सांगते. जन्मले तेव्हा माझं वजन कुणी केलं नाही. सुईणीने “मांजराचं पिल्लू” म्हटलं एवढीच नोंद.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं. त्या महिन्यांत जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांना पन्नाशीच्या आसपास तपासलं तेव्हा साखर पचवण्याची त्यांची ताकद कमी भरली. तिथे दवाखान्यातली कागदपत्रं जपलेली होती म्हणून हे कळलं. आमच्याकडे मांजराच्या पिल्लाची नोंद. हजारो माणसांच्या अभ्यासातून एका बाईच्या शुगरचं कारण काढता येत नाही, हे मला समजतं. बहात्तरला पोटात असलेले आमच्या गावातले काही जण आजही ठणठणीत आहेत. पण त्या सहा गावांचं वाचताना आईची पाटी आणि हातोडा डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

उपासमारीतून थेट होणारा एक मधुमेहही आहे. जमैकात १९५५ साली ह्यू-जोन्स नावाच्या डॉक्टराने अशा काटकुळ्या, गरीब, तरुण रोग्यांची नोंद केली. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला वेगळा प्रकार मानलं, १९९९ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून यादीतून काढून टाकलं. २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाईप ५ असं नाव दिलं, त्यामागे वेल्लोरच्या डॉक्टरांचं मोठं काम आहे. यात वाफ्यांची तोंडं मोकळी असतात, दारं धरणारेच मुळात थोडे जन्मलेले. गरिबांचा आजार यादीतून जातो, सव्वीस वर्षांनी परत येतो. तोवर ती माणसं कुठल्या रकान्यात बसत होती?

माझा तो नाही. डॉक्टरांनी सी-पेप्टाईड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते सांगणारी तपासणी, करून पाहिलं, इन्शुलिन आहे, पण वयाच्या मानाने कमी. “तुमचा टाईप २च, पण युरोपातल्या पुस्तकातला नाही,” ते म्हणाले. आपल्याकडे तरुणपणी टाईप २ होणाऱ्यांत इन्शुलिनची कमतरता असणारेच जास्त, हेही याज्ञिकांच्या गटाने दाखवलंय.

एक गोष्ट मी मागे ठेवली होती. १९९९ साली मुलाच्या वेळी मला सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. वार अशी संप्रेरकं सोडते की आईच्या पेशींनी साखर कमी घ्यावी आणि बाळाच्या पाटाला जास्त जावी. व्यवस्था चांगली आहे, फक्त आईच्या दारं धरणाऱ्यांना दुप्पट काम पडतं. माझ्याकडच्यांना ते झेपलं नाही. बाळ ३ किलो ९०० ग्रॅमचं झालं, सगळे खूश, शुगर गेली, आणि दरवर्षी तपासत जा असं मला कुणीही सांगितलं नाही. अशा बायकांना पुढे टाईप २ होण्याचा धोका कितीतरी पटीने जास्त असतो, हे मी बारा वर्षांनी वाचलं, स्वतःचा कागद हातात आल्यावर. वाढत्या साखरेत राहिलेल्या बाळालाही पुढे धोका असतो, हेही तेव्हाच वाचलं. म्हणजे आईच्या पोटात मी उपाशी होते आणि माझ्या पोटात पोरगा पाकात. त्याला तपासून घे म्हटलं की तो म्हणतो, “मला काय धाड भरलीय?” काडी आहे तोही.

गेल्या दिवाळीत आई माझ्याकडे पुण्याला होती. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं मी तिला पेपरातलं वाचून दाखवत होते, त्या ओघात पोटातल्या बाळांचंही सांगून बसले. मला कारण सांगायचं होतं. तिला ते कारण म्हणून ऐकूच आलं नाही. ती पोहे चाळत होती, चाळण थांबली.

“म्हंजे मीच की.”

“तू नाही गं आई. पाऊस नव्हता.”

“पावसाच्या पोटात हुतीस व्हय तू?”

मी बरंच बोलले. स्वादुपिंड, मजुरी, मिलो, सरकार. एवढी वर्षं मी गावाला सांगत होते की चॉकलेटला दोष देऊ नका, पोरीच्या आईबापाला दोष देऊ नका, आणि आता माझ्याच हातातला पेपर चुलीपुढच्या बाईवर उलटला होता. ती ऐकत होती की नाही कळेना. पोहे चाळून झाले, दाणे भाजून झाले. मग पाठमोरीच म्हणाली, “कामावर सुकडी द्यायचे. पीठ आसायचं गोड. मुकादम म्हनायचा, पोटुशी बाय हायेस, हितंच बसून खा. मी निम्मी खायाची. निम्मी पदराला बांधून आनायची, तुझा काका ल्हान हुता, वाट बगत बसायचा.”

दाणे सोलायला मी तिच्याजवळ बसले.

“ती निम्मी पन खाल्ली आसती तर?”

काकांना शुगर नाही. परवाच्या यात्रेत माझ्यासमोर बसून त्यांनी चार पेढे खाल्ले.